सागरी ऑइल शेल: तेलाचा आकडा नंतर, आधी चुना आणि गंधक बघा

कातळकोरा, सातारा

इंधनाच्या धाग्यावर 'शेल ऑइल' आणि 'ऑइल शेल' यांची अशी खिचडी झाली की वेगळा धागा काढलेला बरा. तिथे एकाने लिहिलंय की ऑइल शेल फोडला की तेल पाझरतं. नाही पाझरत. वरवंट्याने वाटून पिळला तरी थेंब निघणार नाही.

त्यात असतं ते केरोजेन. मेलेल्या शैवालांचं आणि सूक्ष्मजीवांचं घट्ट झालेलं द्रव्य, नेहमीच्या कुठल्याही द्रावकात न विरघळणारं. हे गाळाखाली खोल गाडलं जाऊन साधारण ६० ते १२० अंश सेल्सिअसला लाखो वर्षं मुरलं की त्याचं खनिज तेल होतं. ऑइल शेल तेवढा खोल कधी गेलाच नाही, म्हणजे डाळ-तांदूळ कच्चेच राहिले. भट्टीत हवा न देता ५०० अंशांना आपण ते तासाभरात शिजवतो. मुंबई हायचं तेल ज्या पन्ना शैलसमूहातून आलं तो निसर्गाने शिजवलेला खडक. आणि अमेरिकेत फ्रॅकिंग करून (दाबाने पाणी सोडून खडक फोडून) काढतात ते 'शेल ऑइल' म्हणजे शिजून तयार झालेलं, पण घट्ट खडकात अडकून पडलेलं तेल. तिन्ही वेगळ्या गोष्टी.

'शेल' हा शब्दही फसवा आहे. एस्टोनियाचा कुकरसाइट चुनखडीच्या जवळचा, जॉर्डनचा तर खडूसारखा मार्ल, म्हणजे चुना आणि चिकणमातीचं मिश्रण. पापुद्रे सुटणारा खरा शेल थोड्याच ठिकाणी.

ऑस्ट्रेलियाचे एड्रियन हटन यांनी १९८०च्या दशकात उगमावरून वर्गवारी केली: जमिनीवरच्या वनस्पतींचा, सरोवरातला आणि समुद्रातला. सागरी गटात तीन नावं. कुकरसाइट, टास्मानाइट आणि मरिनाइट. अमेरिकेतला प्रसिद्ध ग्रीन रिव्हर यात धरू नका, तो सरोवरातला आहे. या धाग्यावर फक्त समुद्राचं बोलू.

कंदीपेढा, सातारा

सर, सरोवर काय न् समुद्र काय, शैवाल ते शैवालच ना? खडकात फरक का पडावा?

कातळकोरा, सातारा

फरक पाण्यातल्या सल्फेटचा. समुद्राच्या लिटरभर पाण्यात सुमारे पावणेतीन ग्रॅम सल्फेट असतं, गोड्या पाण्याच्या तळ्यात जवळपास काहीच नाही. तळाच्या चिखलातला प्राणवायू संपला की काही जिवाणू सल्फेटवर जगतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. सडक्या अंड्याचा वास येतो तो हाच वायू.

आता या वायूला चिखलात लोह भेटलं तर पायराइट होतो, म्हणजे लोह आणि गंधकाचं खनिज. लोह कुठून येतं? नद्यांनी आणलेल्या मातीतून. किनाऱ्यापासून लांब, नुसता चुनाच साचतोय अशा समुद्रात लोह कमी पडतं. मग उरलेलं गंधक थेट केरोजेनच्या रेणूंत घुसतं. जॉर्डनचा शेल याचं नमुनेदार उदाहरण. त्याच्या तेलात गंधक वजनाने ८ ते १० टक्क्यांपर्यंत जातं. रॉ ऑइल रिफायनरीला द्यायच्या आधी हायड्रोजन देऊन ते काढावं लागतं आणि तिथे हिशेब कोलमडतो.

म्हणजे चिकणमाती जास्त असेल तर गंधक पायराइटमध्ये बांधलं जातं, चुना जास्त असेल तर ते तेलात येतं. सागरी शेलचा अहवाल हातात आला की मी तेलाचा आकडा शेवटी बघतो.

हळदीबाजार, सांगली

प्रयोगशाळेच्या बाजूने यात भर. एकूण गंधकाचा एकच आकडा कुणी दिला तर तो अर्धवट समजा. पायराइटमधलं, सल्फेटमधलं आणि सेंद्रिय, असे तीन आकडे वेगवेगळे मागा. पायराइट बराचसा राखेत आणि वायूत जातो, सेंद्रिय गंधक मात्र तेलातच उतरतं.

सूक्ष्मदर्शकाखाली पायराइट चौकोनी स्फटिकांत कमी दिसतो. तुतीच्या फळासारखे गोल झुबके दिसतात, प्रत्येक झुबक्यात शेकडो बारीक कण. असे शंभरेक झुबके मोजायचे. सरासरी व्यास ५ मायक्रॉनच्या आसपास आणि १० च्या वर क्वचितच एखादा, तर वरच्या पाण्यातसुद्धा प्राणवायू नव्हता. आकार मोठे आणि मिश्र असतील तर फक्त तळाचा चिखल कोंदटलेला होता, वर पाणी ठीक होतं.

सेंद्रिय कार्बन भागिले गंधक हेही बघतात. आजच्या साध्या सागरी गाळात ते सुमारे २.८ येतं, गोड्या पाण्याच्या गाळात १० च्या बरंच वर. पण कातळकोरा सरांनी लिहिलंय तसं लोह संपलेल्या चुनखडी शेलवर हे गुणोत्तर लावू नका, फसाल. कुकरसाइटवरही फसतं.

चिपाडवाला, कराड

आमच्याकडे कारखान्याचा बॉयलर बगॅसवर (उसाच्या चिपाडावर) चालतो, म्हणून त्या भाषेत विचारतो. हा दगड जाळला तर किती किलोकॅलरी? आणि राख?

कातळकोरा, सातारा

एस्टोनियात वीजकेंद्राला जाणारा कुकरसाइट किलोला सुमारे ८.४ मेगाज्यूल, म्हणजे २००० किलोकॅलरी. ५० टक्के ओलाव्याचं बगॅस २२७० च्या आसपास धरतात. दगड आणि चिपाड एका पंगतीत बसतात! पण राख बघा. १०० टन बगॅसमागे दीड-दोन टन, १०० टन कुकरसाइटमागे ४५ ते ५० टन. इंधनापेक्षा राख वाहण्याचाच कारखाना म्हणायचा.

आता चुन्याचा हिशेब. समजा किलोभर खडकात ३०० ग्रॅम केरोजेन आणि ४०० ग्रॅम कॅल्साइट (चुनखडीचं मुख्य खनिज) आहे. कुकरसाइटचं केरोजेन किलोला साधारण ३६ मेगाज्यूल देतं, म्हणजे १०.८ मेगाज्यूल मिळाले. पण ज्योतीत सगळा कॅल्साइट फुटला, म्हणजे चुना आणि कार्बन डायऑक्साइड वेगळे झाले, तर प्रत्येक १०० ग्रॅममागे १७८ किलोज्यूल तोच खातो. ४०० ग्रॅमचे झाले ७१२ किलोज्यूल, म्हणजे जवळपास १७० किलोकॅलरी. वर टनामागे १७६ किलो कार्बन डायऑक्साइड फुकटचा. तो इंधनाचा नाही, दगडाचा.

चिपाडवाला, कराड

मग तापमान कमी ठेवायचं की. कॅल्साइट फुटूच द्यायचा नाही.

कातळकोरा, सातारा

तेच केलं त्यांनी. जुने बॉयलर शेलची पूड करून १४०० अंशांच्या आसपास जाळायचे. २००० नंतर एस्टोनियातल्या नार्वाच्या केंद्रांतले काही संच फिरत्या फ्लुइडाइज्ड बेडवर (हवेच्या झोतात तरंगत ठेवलेल्या इंधनाच्या थरावर) नेले, तिथे सुमारे ८०० अंश. कॅल्साइटचा बराचसा भाग न फुटता राहतो, आणि जेवढा चुना सुटतो तो सल्फर डायऑक्साइड पकडून कॅल्शियम सल्फेट करतो. बाहेरून चुनखडी घालावी लागत नाही, दगड स्वतःच आणतो.

जुन्या बॉयलरांत आणखी एक दुखणं होतं. कुकरसाइटच्या सेंद्रिय भागात थोडं क्लोरीन आहे आणि खनिज भागात पोटॅशियम. दोन्ही मिळून सुपरहीटरच्या (वाफ आणखी तापवणाऱ्या) नळ्यांवर घट्ट पापुद्रा धरतात आणि खालून धातू खातात. नळ्या ठोकून, धुऊन साफ कराव्या लागत आणि तेवढा वेळ संच बंद.

हळदीबाजार, सांगली

राख भिजवली की पीएच १२ च्या वर जातो, हे पुढे कुणी 'खत म्हणून शेतात टाकू' म्हणायच्या आत लिहून ठेवते. आपल्या कृष्णाकाठच्या जमिनी आधीच क्षारपड, त्यांना तर अजिबात नको. सिमेंटला मात्र चालते. जर्मनीत डॉटर्नहाउझेनला पोसिडोनिया शेल (तिथला सागरी ऑइल शेल) ८०० अंशांच्या आसपास जाळून उष्णता वापरतात आणि राख सिमेंटमध्ये घालतात. चुना आणि भाजलेली चिकणमाती एकत्र असल्यामुळे ती राख पाण्याने स्वतःच आवळते.

माणगंगा, आटपाडी

इतकं सगळं दूरदेशीचं चाललंय, आता गावचं विचारतो. आमच्याकडे एका बोअरला साडेतीनशे फुटांवर काळी भुकटी आली, तेलाचा वास, आणि पेटवली तर पेटली. लोक म्हणतात खाली तेल आहे. ऑइल शेल असू शकतो का?

कातळकोरा, सातारा

काळी म्हणून शेल नव्हे. आपल्या खाली दख्खनचा बेसाल्ट आहे, लाव्ह्याचे थर. त्यात केरोजेन साचायला जागा नाही. थरांच्या मध्ये तांबडी गेरूची पट्टी लागते, कुठे मांजऱ्या खडक लागतो, बस. साडेतीनशे फूट म्हणजे शंभर मीटर. कोयनेजवळ गोठणे इथे भूकंपाच्या अभ्यासासाठी ३ किलोमीटर खोल छिद्र घेतलं, तिथे १२४७ मीटरपर्यंत बेसाल्ट आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस. मधे समुद्री गाळाचा थर आलाच नाही. आटपाडी कोयनेपासून लांब आहे आणि पूर्वेकडे लाव्ह्याची जाडी कमी होत जाते हे खरं, पण शंभर मीटरवर तरी बेसाल्टच.

वास कुठून आला ते सांगतो. बोअरच्या गाडीत हॅमरला हवेच्या पाइपातून वंगण सोडतात. ते हवेबरोबर खाली जातं आणि भुकटीबरोबर वर येतं. त्यात काँप्रेसरचं ऑइल आणि डिझेलची गळती. खात्री करायची तर भुकटी काचेच्या बरणीत घेऊन त्यावर गरम पाणी आणि दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड टाका, हलवा, पाणी ओता. असं तीनदा करून वाळवा आणि पुन्हा पेटवा. वंगण धुऊन गेलं असेल तर पेटणार नाही. केरोजेन साबणाने जात नाही.

माणगंगा, आटपाडी

तीनदा धुतली. पेटत नाही. गावात सांगायचं कसं आता, जागेचा भाव वाढवून बसलेत लोक.

कंदीपेढा, सातारा

😄 मग खरा ऑइल शेल हातात आला तर ओळखायचा कसा? यंत्राशिवाय.

कातळकोरा, सातारा

चाकूने खरवडा. चांगल्या शेलची पूड पडत नाही, रंध्यातून लाकडाचा सोलपा निघावा तसा गुंडाळत निघतो. खडक काळा असला तरी ओरखडा तपकिरी उमटतो. काडी लावली तर धुरकट ज्योत आणि जळक्या रबरासारखा वास. कुकरसाइट तर मुळात पिवळट-तपकिरी असतो, 'काळा म्हणजे श्रीमंत' हा नियम तिथे चालत नाही.

आणि हातात हलका लागतो. बेसाल्टची घनता २.८ ते ३, केरोजेनची १.०५ च्या आसपास. तुकडा हवेत तोला, मग दोऱ्याने पाण्यात लटकवून तोला. खनिज भाग २.७ धरला तर घनता २.१८ म्हणजे केरोजेन सुमारे १५ टक्के, १.८४ म्हणजे ३०, १.५१ म्हणजे ५०. सच्छिद्र तुकड्याला आधी मेणाचा पातळ लेप द्या, नाहीतर पाणी आत शिरतं. ५ टक्के पायराइट असेल तर उत्तर दीडेक टक्क्याने कमी येईल, कारण पायराइटची घनता ५.

हळदीबाजार, सांगली

आम्लाची चाचणीही करा. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब: लगेच फसफसला तर कॅल्साइट. तुकड्यावर गप्प पण भुकटीवर हळू बुडबुडे, तर डोलोमाइट (कॅल्साइटचा मॅग्नेशियमवाला भाऊ). काहीच नाही तर मातीचा किंवा वाळूचा शेल. थेंब टाकल्यावर अंड्याचा वास आला म्हणून 'पायराइट आहे' असं लिहू नका. पायराइट या आम्लात विरघळत नाही, वास दुसऱ्या सल्फाइडचा असतो.

वायू मोजून कार्बोनेट काढत असाल तर उंची विसरू नका. १ ग्रॅम शुद्ध कॅल्साइटमधून समुद्रसपाटीला २५ अंशांवर सुमारे २४५ मिलिलिटर वायू निघतो. साताऱ्याची उंची सुमारे ७०० मीटर, तिथे हाच वायू ८ टक्क्यांच्या आसपास जास्त जागा व्यापतो. सूत्र लावत बसण्यापेक्षा प्रत्येक घाण्याबरोबर शुद्ध कॅल्साइटचा एक नमुना चालवा आणि त्याच्याशी प्रमाण लावा.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक: नमुना ९५० अंशांना जाळून घटलेलं सगळं वजन 'सेंद्रिय' म्हणून लिहिणं. ४० टक्के कॅल्साइट असलेल्या खडकात १७.६ टक्के घट एकट्या कार्बन डायऑक्साइडची असते, वर चिकणमातीतलं पाणी. सेंद्रिय कार्बन हवा तर आधी आम्लाने कार्बोनेट घालवा, नीट धुवा, वाळवा, मगच कार्बन यंत्रात. कार्बनपासून केरोजेनकडे जायला कुकरसाइटसाठी १.३ ने गुणतात, त्याच्या केरोजेनमध्ये सुमारे ७७ टक्के कार्बन आहे म्हणून.

चिपाडवाला, कराड

ताई, टनाला किती लिटर तेल हे कसं काढतात? फिशर का काहीतरी नाव आहे.

हळदीबाजार, सांगली

फिशर अॅसे. साधी चाचणी, पण शिस्त लागते. २.४ मिलिमीटरच्या चाळणीतून गेलेला, वाळवलेला १०० ग्रॅम नमुना अॅल्युमिनियमच्या छोट्या भांड्यात बंद करतात. मिनिटाला १२ अंश या वेगाने ५०० पर्यंत न्यायचं आणि तिथे ४० मिनिटं ठेवायचं. वाफ बर्फात बुडवलेल्या नळीत थंड होते. तेल आणि पाणी सेंट्रिफ्यूजने वेगळं करायचं. उरलेला कोक-दगड तोलायचा. या सगळ्यांची बेरीज १०० मधून वजा केली की 'वायू आणि गळती'.

समजा तेल ६.४ ग्रॅम, घनता ०.९६. टनाला ६४ किलो, भागिले ०.९६, म्हणजे सुमारे ६७ लिटर.

बिघडतं कुठे? भुकटी फार बारीक केली तर धूळ वाफेबरोबर नळीत जाते आणि तेलात गाळ दिसतो. जाड ठेवली तर खड्याचं पोट कच्चं राहतं. नमुना ओला असेल तर तेल-पाण्याचं ताकासारखं मिश्रण होतं आणि सेंट्रिफ्यूजही दमतो. झाकणाची गॅस्केट गळली तर सगळी चूक 'वायू आणि गळती'त लपते, म्हणून तो आकडा नेहमीपेक्षा मोठा दिसला की चाचणी पुन्हा करा. आणि ५०० च्या वर नेऊन जास्त तेल मिळत नाही. डोलोमाइट फुटायला लागतो एवढंच.

रॉक-इव्हॅल (खडक तापवून निघणारी तेलाची वाफ मोजणारं) यंत्र असेल तर काम मिलिग्रॅमवर होतं. नेहमीच्या खडकाचे ६० ते १०० मिलिग्रॅम घेतात, ऑइल शेलचे १०-२० च घ्या, नाहीतर डिटेक्टर भरून जातो आणि शिखर चपटं येतं. एस-२ (केरोजेन तापून निघालेली वाफ, खडकाच्या ग्रॅममागे मिलिग्रॅम) ८४ आणि सेंद्रिय कार्बन १२ टक्के आला तर हायड्रोजन निर्देशांक, म्हणजे एस-२ भागिले कार्बन गुणिले १००, येतो ७००, उत्तम. टी-मॅक्स (ही वाफ सर्वात जास्त निघते ते तापमान) ४३५ च्या खाली हवा. वर असेल तर खडक थोडा शिजलेला आहे. मातीच्या आणि कमी कार्बनच्या नमुन्यांत निर्देशांक खोटा कमी दिसतो, कारण चिकणमाती तेलाची वाफ धरून ठेवते.

कंदीपेढा, सातारा

कुकरसाइटचा एवढा उदोउदो का? तिथल्या शैवालात वेगळं काय होतं?

कातळकोरा, सातारा

हा माझा आवडता भाग, जरा लांबवतो.

कुकरसाइट सुमारे ४६ कोटी वर्षांपूर्वीचा, ऑर्डोव्हिशियन काळातला. जवळपास सगळं केरोजेन एकाच सूक्ष्मजीवाचं, नाव ग्लिओकॅप्सोमॉर्फा प्रिस्का. पुस्तकी नियम असा की सेंद्रिय द्रव्य टिकायला तळाला प्राणवायू नको. पण कुकरसाइटच्या थरांत ट्रायलोबाइट, ब्रॅकिओपॉड, ब्रायोझोआ भरलेले आहेत. तळावर जिवंत प्राणी राहत होते, म्हणजे हवा होती! तरी द्रव्य टिकलं, कारण या जीवाच्या भिंतींत फिनॉल जातीचे चिवट रेणू होते, जिवाणूंना पचेनात. त्याचा पुरावा आजही तेलात मिळतो. कुकरसाइटच्या तेलात अल्किल रिसॉर्सिनॉल ही फिनॉलं भरपूर, आणि ती वेगळी काढून विकतात. उलट या फिनॉलांमुळे भट्टीचं सांडपाणी अतिशय विषारी, ते साफ करणं हा वेगळा खर्च.

खाणीत हा एकसंध थर नाही. खालून वर ए, बी, सी असे एफपर्यंत नाव दिलेले शेलचे पट्टे आणि मधेमधे चुनखडी, एकूण अडीच-तीन मीटर. चुनखडी वेगळी नाही केली तर भट्टीत तीच जास्त जाते. सुदैवाने चुनखडी जड, शेल हलका, म्हणून जड द्रवात तरंगवून वेगळं करता येतं.

एस्टोनियातच त्याखाली आणखी एक सागरी काळा शेल आहे, ग्रॅप्टोलाइट अर्जिलाइट. सेंद्रिय १५-२० टक्के, कार्बोनेट जवळपास नाही, पायराइट भरपूर, वर युरेनियम, व्हॅनेडियम, मॉलिब्डेनम. १९४०च्या दशकाअखेर सिल्लामाएला त्यातून युरेनियम काढलं. मार्डूला फॉस्फोराइटच्या (फॉस्फेटच्या दगडाच्या) खाणीत हा वरचा दगड ढिगात टाकला, आणि ढीग आपोआप पेटले. पायराइट हवेत कुजताना उष्णता सोडतो, बाहेर जायला वाट नाही मिळाली की सेंद्रिय भाग पेट घेतो. कुकरसाइटच्या पोटात चुना असल्यामुळे आम्ल तरी तिथेच मरतं.

माणगंगा, आटपाडी

आपल्या देशात सागरी असा काही आहेच नाही का?

कातळकोरा, सातारा

आसाम-अरुणाचलचा ऑइल शेल कोळशाच्या जोडीचा आहे, त्याला समुद्री म्हणवत नाही. खरा काळा सागरी शेल बघायचा तर हिमालयातला स्पिती शेल, ज्युरासिक. पण तो गाडला जाऊन चांगलाच शिजलाय, भट्टीला उपयोग नाही. त्याच जातीच्या काळ्या शेलातले गोळे नेपाळात गंडकीच्या पात्रात येतात, आत अमोनाइट या नामशेष सागरी प्राण्याच्या शंखाचं चक्र. तुमच्या देव्हाऱ्यातला शाळिग्राम तोच. कुठे कुठे त्यात सोनेरी चमक दिसते, तो वर लिहिलेला पायराइट.

कंदीपेढा, सातारा

आजीचा शाळिग्राम आता भिंगातून बघतो. आम्लाचा थेंब टाकत नाही, घाबरू नका.

चिपाडवाला, कराड

एक राहिलं. नमुना मागवला तर वर्षभर कसा ठेवायचा? प्लास्टिकच्या पिशवीत चालतो?

हळदीबाजार, सांगली

नुसत्या पिशवीत नाही. दमट हवेत पायराइट कुजतो, गंधकाम्ल होतं, ते कॅल्साइटला खातं आणि पृष्ठभागावर जिप्समच्या पांढऱ्या सुया आणि पिवळट भुकटी दिसायला लागते. अशा नमुन्याचं सल्फेट गंधक वाढतं, पायराइट कमी होतो, हायड्रोजनही घटतो, म्हणजे फिशरचं तेलही कमी येतं. पावसाळ्यात तर फार लवकर.

मोठा तुकडा ठेवा, भुकटी चाचणीच्या आदल्या दिवशीच करा. १०५ अंशांना फक्त वजन स्थिर होईपर्यंत वाळवा, रात्रभर ओव्हनमध्ये विसरू नका. काचेची बरणी, आत सिलिका जेल, झाकणावर मेण. आणि लेबल बरणीच्या बाहेर लावा. आत टाकलेला कागद आम्ल खातं, मग कुठला नमुना कुठल्या थराचा हेच कळत नाही.